मेलबर्नमधील भाच्याला मिळणारा 'सपोर्टेड इंडिपेंडंट लिव्हिंग'चा निधी नेमका कशाकशाला पुरतो?

पाचपाखाडीची मावशी (प्रश्न)

नमस्कार. माझी थोरली बहीण लग्न झाल्यापासून मेलबर्नला असते. तिचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा असून त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि लहानपणापासून फिट्स येतात. भावजींच्या निधनानंतर ताईला एकटीला त्याचे सगळे करणे झेपेना, म्हणून गेल्या वर्षी तो आणखी दोन तरुणांबरोबर एका घरात राहायला गेला. तेथील एनडीआयएस या दिव्यांगांसाठीच्या सरकारी योजनेतून त्याला 'सपोर्टेड इंडिपेंडंट लिव्हिंग' या सदराखाली निधी मंजूर झाला आहे. इकडे ठाण्यात आम्हा सगळ्यांची समजूत अशी झाली, की आता त्याचे राहणे, खाणे आणि औषधपाणी सरकारने उचलले असून ताई मोकळी झाली.

ताई मात्र फोनवर सांगते, की घराचे भाडे, किराणा आणि विजेचे बिल यांपैकी काहीही या निधीतून जात नाही. ते भाच्याच्या पेन्शनमधून भरावे लागते आणि कमी पडले तर ती स्वतः घालते. आमच्या मामांचे ठाम मत आहे, की तिथली संस्था तिला फसवत आहे, कारण मंजुरीचा आकडा एवढा मोठा असताना वर दूध-पावाचे पैसे कोण मागेल? ताईने मला वेळापत्रकाच्या पानांचे फोटो पाठवले आहेत. त्यात आठवड्यातला प्रत्येक अर्धा तास वेगवेगळ्या रंगांत रंगवलेला आहे. बहुतेक चौकोनांत 'एकास तीन', सकाळच्या काही चौकोनांत 'एकास एक' आणि रात्रीच्या सर्व चौकोनांत 'स्लीपओव्हर' असे लिहिलेले आहे. भाडे किंवा जेवण हा शब्द त्यात शोधूनही सापडत नाही.

माझा दुसरा प्रश्न माझ्याच घराचा आहे. माझ्या तेवीस वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिची समज उत्तम आहे, ती पदवीधर आहे, परंतु आंघोळ, शौच आणि पलंगावरून व्हीलचेअरवर बसणे यांसाठी तिला दुसऱ्या माणसाचा आधार लागतो. यजमान राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले आहेत. भाच्याला मिळते तसे काही आपल्याकडे मिळू शकते का, याची माहिती जाणकारांनी द्यावी.

ऐरोलीकर

मावशी, मी मेलबर्नमध्ये अशाच घरांतून आधी मदतनीस म्हणून आणि नंतर वेळापत्रके आखण्याचे काम करून परत आलो आहे, त्यामुळे आपल्याकडे आलेली ती रंगीत पाने माझ्या चांगल्या ओळखीची आहेत.

मामांची शंका रास्त वाटली तरी आपल्या बहिणीने सांगितलेले बरोबर आहे. या सदराखाली मंजूर होणारी रक्कम म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे माणसांच्या तासांची किंमत असते. सकाळी उठवणे, आंघोळीला आणि दाढीला मदत करणे, गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही ते पाहणे, स्वयंपाक करणे किंवा शक्य असेल तेवढा त्याच्याकडून करवून घेणे, कपडे, केरवारा, बाजारहाट आणि रात्रभर घरात हाकेच्या अंतरावर कोणीतरी असणे, एवढे त्यात येते. भात रांधणाऱ्याचा तास निधीतून जातो. पातेल्यातला तांदूळ मात्र भाच्याच्या पैशाने येतो. भाडे, किराणा, वीज, इंटरनेट, कपडे, सहलीचे तिकीट हे खर्च दिव्यांग नसलेल्या माणसालाही करावे लागतातच, म्हणून ते या योजनेने उचलायचे नाहीत आणि दिव्यांगत्वामुळे जो जादा खर्च होतो तेवढाच उचलायचा, असे तिथले धोरण आहे. रोजच्या खर्चासाठी 'डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन' असते. ते वेगळ्या खात्याकडून, सेंटरलिंक या सरकारी कार्यालयामार्फत, दर पंधरवड्याला मिळते आणि भाड्याने राहणाऱ्याला त्याच्यासोबत भाडे साहाय्यही मिळू शकते. एनडीआयएसचा निधी घरचे उत्पन्न पाहून दिला जात नाही. पेन्शनला मात्र उत्पन्न आणि मालमत्तेची चाचणी लागू होते. या दोन गोष्टी आपले लोक हमखास एकत्र करतात.

घराचे प्रकरण स्वतंत्र आहे. ज्यांची गरज अतिशय तीव्र आहे अशा थोड्या लोकांना 'स्पेशलिस्ट डिसॅबिलिटी अकॉमोडेशन' या निराळ्या सदरातून खास बांधणीच्या घरासाठी पैसे मंजूर होतात, आणि ते घर पुरवणाऱ्याला दिले जातात. अशा घरात राहणाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या भाड्याला मर्यादा असते. ती ढोबळमानाने मूळ पेन्शनच्या २५ टक्के अधिक संपूर्ण भाडे साहाय्य अशी धरली जाते. आपला भाचा बहुधा साध्या भाड्याच्या घरात असावा. ताईंना एवढे अवश्य विचारा, की घराचा करार आणि मदतनिसांचा करार वेगवेगळे आहेत का. दोन्ही एकाच संस्थेच्या हातात आणि एकाच कागदावर असले, तर उद्या मदतनीस पसंत पडले नाहीत म्हणून संस्था बदलायची म्हटले की डोक्यावरचे छप्परही जाण्याची वेळ येते.

आता त्या चौकोनांविषयी. 'एकास तीन' म्हणजे एक मदतनीस तिघांना मिळून, आणि त्या तासाचा खर्चही तिघांच्या निधीत वाटला जातो. सकाळचे 'एकास एक' बहुधा आंघोळीसाठी असावे, कारण फिट येणाऱ्या माणसाला न्हाणीघरात एकटे सोडत नाहीत. 'स्लीपओव्हर' म्हणजे मदतनीस त्या घरात झोपतो आणि गरज पडली तर उठतो. त्याच्या दरात रात्रीतून एकूण दोन तासांपर्यंतचे उठणे धरलेले असते. रात्रभर जागे राहणाऱ्या माणसाचा दर अर्थातच जास्त असतो. दिवस, संध्याकाळ, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टी यांचे तासाचे दर चढत जातात. आठवड्याचे १६८ तास या हिशेबाने भरले की मामांना दिपवणारा आकडा तयार होतो, आणि तो जवळजवळ सगळा पगारांत जातो.

माझ्या मते ताईंनी किराण्यापेक्षा या रात्रीच्या चौकोनांकडे जास्त लक्ष द्यावे. भाच्याला झोपेत फिट्स येत असतील, तर झोपलेला मदतनीस त्याला पुरेल का, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक फिटची तारीख, वेळ, ती किती वेळ टिकली आणि त्यानंतर काय करावे लागले, याची नोंद ठेवून ती न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रासह निधीच्या पुढील आढाव्याच्या वेळी द्यावी. तिथे आईच्या काळजीपेक्षा अशा नोंदवहीला अधिक वजन आहे. हे कटू आहे, पण तसेच आहे.

दिवसा तो एखाद्या केंद्रात जात असेल, तर त्याचा खर्च सामाजिक सहभागाच्या निराळ्या सदरातून होतो. थेरपिस्ट, व्हीलचेअरसारखी साधने, डायपर यांचीही सदरे निरनिराळी आहेत. डॉक्टर आणि रुग्णालय मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य योजनेकडे, तर औषधांवरील सवलत तिथल्या औषध योजनेकडे असते.

एवढे लिहिल्यावर मामांची बाजूही थोडी घेतो. घरखर्चाच्या नावाखाली सरसकट एकच रक्कम मागितली जात असेल, तर ताईंनी तिचा तपशील लेखी मागावा. भाडे किती, वीज किती, किराणा किती, हे वेगळे कळलेच पाहिजे. मदतनिसांचे जेवण किंवा कार्यालयाचा खर्च त्यात मिसळलेला दिसला, तर तो रहिवाशाने भरण्याचे कारण नाही. दाद लागली नाही, तर 'एनडीआयएस क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशन' या २०१८ पासून कार्यरत असलेल्या स्वतंत्र नियामकाकडे तक्रार करता येते, आणि तिथे तक्रार केली म्हणून सेवा तोडता येत नाही.

पाचपाखाडीची मावशी

मनःपूर्वक आभार. रात्रीचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. तो मी ताईला आजच कळवते. आणखी दोन शंका आहेत. यंदा गणपतीला ताई भाच्याला घेऊन ठाण्याला येणार आहे. त्या काळात त्याचे पैसे थांबतात का? आणि त्या घरातला एक मुलगा सोडून जाणार असल्याचे ऐकते आहे, त्याचा आमच्यावर काही परिणाम होईल का?

ऐरोलीकर

पेन्शन साधारणपणे बारा महिन्यांत मिळून २८ दिवस परदेशात असताना चालू राहते. त्यापुढे विशेष सूट मिळालेली नसेल तर ते थांबते. म्हणजे गणपती निवांत होईल, मुक्काम दिवाळीपर्यंत लांबवू नये. घराचे भाडे तो इथे असतानाही चालूच राहील. विमानाचे तिकीट निधीतून मिळत नाही, आणि सोबत मदतनीस आणायचा विचार असेल, तर त्याचा प्रवासखर्च गृहीत न धरता निघण्याआधी लेखी उत्तर घ्यावे.

एक रहिवासी गेला की 'एकास तीन'चे 'एकास दोन' होते, आणि तेच तास दोघांच्या निधीतून भरायचे म्हटले तर वर्षासाठीची रक्कम आधीच संपते. जागा रिकामी राहिल्यास काय करायचे, आणि नवा मुलगा निवडताना आधीच्या रहिवाशांचे मत घेतले जाईल का, याविषयी करारात काय लिहिले आहे ते ताईंनी आत्ताच वाचून ठेवावे. मदतनिसांचे तास कमी करून ती तूट भरून काढणे हा संस्थांचा सोपा मार्ग असतो.

नेरुळचा पालक

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण माझा मुलगाही आपल्या मुलीसारखाच आहे, फक्त वयाने थोडा मोठा.

मदतीचे तास व्यक्तीच्या नावावर मंजूर करणारी योजना आपल्याकडे नाही. आपल्याकडे जे आहे ते थोडी रोख रक्कम, विमा, करसवलत आणि संस्थांना अनुदान या स्वरूपात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ५व्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आणि त्यासाठी वैयक्तिक साहाय्यासह आधारसेवा यांचा उल्लेख आहे, आणि ३८व्या कलमात ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज आहे त्यांनी तसा अर्ज करण्याची तरतूद आहे. शब्द उत्तम आहेत. पण सकाळी साडेसहाला दारावरची बेल वाजवणारे माणूस त्या कलमांतून अजून कोणाच्या घरी आल्याचे मी पाहिलेले नाही.

जे प्रत्यक्षात मिळते त्याकडे वळतो. सेरेब्रल पाल्सी हा प्रकार राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली येतो, त्यामुळे 'निरामय' विमा आपल्या मुलीला मिळू शकतो. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि खासगी विमा कंपन्या ज्या नियमित थेरपीकडे ढुंकूनही पाहत नाहीत, तिच्यासाठीही मर्यादित रक्कम आहे. नूतनीकरणाची तारीख मात्र आपणच लक्षात ठेवावी लागते. त्याच न्यासाच्या 'समर्थ' आणि 'घरौंदा' या निवासाच्या योजना आहेत, परंतु तो पैसा नोंदणीकृत संस्थेला जातो आणि मुलीने त्या संस्थेत जाऊन राहायचे असते. पदवीधर मुलीने स्वतःच्या घरात राहायचे ठरवले तर त्यांचा उपयोग नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना आता दरमहा २,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये असल्यामुळे निवृत्तिवेतन येणारे घर त्यात बसत नाही. महापालिकांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो; ठाणे महापालिका त्यातून कोणत्या योजना राबवते ते समाजविकास विभागात जाऊन पाहावे. आमच्या नवी मुंबई महापालिकेचे वाशीचे ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे केंद्र शिक्षण, थेरपी आणि प्रशिक्षणासाठी चांगले आहे, पण संध्याकाळी मूल घरीच येते.

आपल्या घरासाठी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे यजमानांचे निवृत्तिवेतन. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ११६ प्रमाणे, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. आधी ते आपल्याला आणि नंतर मुलीला. यासाठी तिचे नाव आणि दिव्यांगत्वाचा उल्लेख यजमानांच्या कुटुंबाच्या तपशिलात आजच नोंदवून घ्यावा. वडील हयात असताना जे काम एका अर्जाने होते, तेच नंतर मुलीला एकटीला खेटे घालून करावे लागते, आणि तेव्हा टेबलापलीकडचा माणूस तिच्याच समोर तिच्याविषयी तिसऱ्याशी बोलत राहतो. आमच्या ओळखीच्या एका घरात हे घडले आहे.

आता ऐरोलीकरांच्या त्या रंगीत पानांविषयी. पैसे ऑस्ट्रेलियाचे असले तरी अर्ध्या-अर्ध्या तासाचा तो तक्ता आपण ठाण्यात बसून फुकट करू शकतो, आणि तो करावाच, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. आम्ही सकाळी आठ ते रात्री आठ अशी बाराची बाई ठेवली होती. तक्ता मांडल्यावर दिसले, की सर्वांत अवघड कामे, म्हणजे सकाळी साडेसहाचे शौच आणि मध्यरात्रीनंतर कुशीवर वळवणे, ही दोन्ही तिच्या ड्यूटीबाहेर आहेत आणि ती माझी पत्नी करते आहे. दुपारचे तीन तास मात्र बाई आणि मुलगा दोघेही टीव्ही पाहत होते. त्यानंतर आम्ही बाईला सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशा दोन वेळांना बोलावू लागलो. दुपारी ती आमच्याच इमारतीतल्या एका आजींकडे जाते, त्यामुळे तिचा पगार घटला नाही. रात्रीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. खाडा झाल्यास बदली माणूस कोण देणार, हे बाई पुरवणाऱ्या ब्युरोकडून लेखी घ्या, कारण तोंडी आश्वासन सणासुदीला हमखास पोकळ ठरते. उचलणे आणि बसवणे फिजिओथेरपिस्टकडून बाईला आपल्यासमोर शिकवून घ्यावे, आणि काय हवे, काय नको, कोणत्या बाईशी जमते, हे मुलीने स्वतः सांगावे. हे तास तिचे आहेत.

नौपाड्याचे काका

माहिती उपयुक्त आहे. तरीही विचारावेसे वाटते, की आईवडील आणि भावंडे असताना तरुण मुलाला असे परक्या माणसांत ठेवणे आपल्याला रुचते का? आमच्या वेळी घरातच सगळे निभावत असे.

नेरुळचा पालक

काका, निभावत असे हे खरे, परंतु ते कोण निभावत असे, हे आपण आठवून पाहावे. बहुतेक घरांत ती एकच बाई असे, आणि तिच्यानंतर कोण, याची तजवीज कोणी करून ठेवत नसे. धागाकर्त्या स्वतः आई आहेत आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न वेळेत विचारला आहे.

खारघरची वकील

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते. आपला पत्ता ठाण्याचा असल्यामुळे राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील स्थानिक स्तर समितीचे काम ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून चालेल. वाशी, नेरुळ, बेलापूर हेही ठाणे जिल्ह्यातच येतात. आम्हा खारघर-कामोठेकरांना मात्र पत्ता नवी मुंबईचा आणि जिल्हा रायगड, म्हणून आमची समिती अलिबागची. या एका गोष्टीमुळे अर्ज परत येताना मी पाहिले आहेत.

ही समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांना मी हा अर्ज लवकर करण्याचाच सल्ला देते, पण आपल्या बाबतीत घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीची समज उत्तम असेल, तर तिला पालकाची गरज नाही. तिला गरज आहे ती सही करताना हाताला आधार देणाऱ्याची. सही स्थिर होत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेची एखादी शाखा केवळ बोलणे अस्पष्ट आहे म्हणून पालकत्वाचा दाखला मागू लागली, तर त्या मागणीचे कारण लेखी मागावे. पुढे कधी एखाद्या विशिष्ट व्यवहारापुरती मदत लागलीच, तर २०१६ च्या कायद्याच्या १४व्या कलमात मर्यादित पालकत्व आहे. त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो आणि तो ठराविक काळापुरता, ठराविक कामापुरता असतो.

तूर्त तिच्या एकटीच्या नावाने बचत खाते उघडावे, ते आधार आणि पॅनशी जोडावे, आणि यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या कार्डावरील नावाचे स्पेलिंग यजमानांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवरील नावाशी अक्षरशः जुळते का ते तपासावे. कार्डावर मुदत लिहिलेली असेल, तर ती संपण्याच्या आत सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासणीची वेळ घ्यावी लागेल.